दुसरा प्रयोग कधी लावतेयस?

अगं, तुझ्या नव्या नाचाचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, दोनदा मोबाइलवर आणि एकदा मुलाच्या लॅपटॉपवर, कारण मोबाइलवर पाय नीट दिसत नव्हते आणि तुझ्या या पीसमधलं सगळं पायातच आहे. बारा मिनिटांपैकी पहिली चार मिनिटं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीयेत. टँकरची वाट बघत उभ्या पाच बायका, कुणी काही बोलत नाही, एकीने वजन उजव्या पायावरून डाव्यावर टाकलं की मागचीचं हलतं, मग तिच्या मागचीचं, आणि मधेच कुणीतरी हंडा पायाने वीतभर पुढे सरकवतं. बास, एवढंच. मी लहानपणी आजोळी अशी उभी राहिलेय, ती कंबरेतली कळ मला खुर्चीत बसल्या बसल्या आठवली.

आणि मग पाचव्या मिनिटाला व्हायोलिन सुरू होतं, बायका रांग सोडून गोल फिरायला लागतात, दोनदा एकमेकींना उचलून धरतात, त्या लिफ्ट येतात आणि शेवटी मधली एकटी रडते. तू विचारलंयस, ताई कुठे कमी पडतंय? मला तर वाटतं जास्त झालंय. लोक कंटाळतील अशी भीती वाटली ना तुला? मला ती भीती चांगली माहितीये, मी कितीतरी वर्षं त्या भीतीपोटी चांगल्या जागा बुजवून टाकल्या. तू एकदा पूर्ण बारा मिनिटं रांगेतच राहून बघ. कुणीही रांग सोडायची नाही हा नियम घाल आणि मग काय काय होतं ते बघ, कोण कुणाच्या पुढे घुसते, कोण कुणाचा हंडा सांभाळते, कोण खाली बसते. रडणं दाखवायची गरजच पडणार नाही.

तू भरतनाट्यमवाली आहेस आणि हा विषय पाण्याचा आहे म्हणून तुला नर्तिका चंद्रलेखांची गोष्ट सांगते. आपल्या पालघरकडच्या वाडा गावात जन्मलेल्या, पुढे चेन्नईला गेल्या. 1952 साली त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं नृत्य, झालं ते आंध्रातल्या रायलसीमाच्या दुष्काळ निधीसाठी. त्या 'मथुरा नगरिलो' करत होत्या, त्यात यमुना, पाण्यातले खेळ, भरभरून पाणी दाखवायचं, आणि नाचता नाचता एकदम त्यांना पेपरात बघितलेले भेगाळलेल्या जमिनीचे फोटो आठवले आणि आपण इथे दुष्काळासाठी पैसे गोळा करतोय आणि हाताने पाणी दाखवतोय यातली विसंगती त्यांना टोचली. ही टोचणी त्यांना आयुष्यभर पुरली गं. मधली बरीच वर्षं त्या नाचापासून लांबच होत्या, लिखाण केलं, पोस्टर्स केली, बायकांच्या चळवळीत काम केलं, आणि 1985 ला 'अंगिका' घेऊन आल्या तेव्हा त्यात देवादिकांच्या गोष्टी नव्हत्या, पण अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धं बसणं, होती, केरळची युद्धकला कलरीपयट्टू होती, योग होता. म्हणजे त्यांनी भरतनाट्यम टाकून दिलं नाही, त्यातलं शरीर उचललं. तू मात्र घाईघाईने वर्कशॉपमध्ये शिकलेलं रोल आणि फॉल, ते जमिनीवर लोळणं आणि पडणं, सगळीकडे वापरतेयस आणि तुझी दहा वर्षांची अरमंडी कुठे दिसतच नाहीये. हंडा उचलायला बाई वाकते तेव्हा गुडघे कसे उघडतात बघ जरा, तुझ्याकडे ते आधीपासून आहे.

म्युझिकचं एकच सांगते, पुढचे पंधरा दिवस स्पीकर घरी ठेव. अमेरिकेतले नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं करायचे, डान्सर्सना बऱ्याचदा पहिल्या शोलाच ते संगीत ऐकायला मिळायचं. तू तेवढं टोकाला जा असं म्हणत नाही, पण शांततेत नाच उभा राहतो का ते तपास. राहिला तर मग हंड्याचा आवाज, चपलांचा आवाज, एवढ्यावर भागेल कदाचित. आणि ते नेटवरून उतरवलेलं व्हायोलिन तसंही तिकीट लावून वाजवता येणार नाही, परवानगी लागते, ते आत्ताच डोक्यात ठेव.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुझ्या मेसेजमध्ये शोची तारीख होती, हॉलचं नाव होतं, पाहुणे कोण येणार ते होतं, पण दुसऱ्या शोबद्दल एक शब्द नव्हता. आपल्या भाषेत नाटकाच्या शोला प्रयोग म्हणतात, आणि नाटकवाले शंभरावा, पाचशेवा प्रयोग लावतात, पहिले दहा-पंधरा प्रयोग होईपर्यंत नाटक बसलंच नाही असं ते खुशाल म्हणतात. आणि आपण मॉडर्न डान्सवाले? सहा महिने तालीम, एक प्रीमियर, फोटो, हार, आणि संपलं. माझा पहिला मोठा पीस असाच गेला. मोठं नाट्यगृह घेतलं, लोखंडी पाइपांचा सेट केला, नऊ मुली होत्या, भावाकडून पैसे उसने घेतले. त्या रात्री मला विंगेत उभं राहून पहिल्यांदा कळलं की मधला भाग आधी यायला हवा होता. पण दुसरा शो परवडणारच नव्हता. सेट भंगारात गेला, दोघींची लग्नं झाली, एक नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, आणि तो पीस मला जसा कळला होता तसा कुणी कधी बघितलाच नाही. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

म्हणून पीस फिरता येईल असा कर. पाच बायका ठीक आहेत, एका गाडीत मावतात, हंडे जिथे जाशील तिथे मिळतात. नर्तक अस्ताद देबूंचं बघ, लहानपणी कथक, मग परदेशात जाऊन मार्था ग्रॅहमची मॉडर्न डान्सची टेक्निक, आणि परत येऊन मुंबईत राहून वर्षानुवर्षं मुख्यतः एकट्याने नाचले, नंतर मणिपूरच्या ढोलवादकांबरोबर, ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर काम केलं. या देशात मॉडर्न डान्सला फार कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून ते 2020 मध्ये जाईपर्यंत हा माणूस काम करत राहिला. मोठ्या हॉलची वाट बघू नकोस. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा घे, लोक चार हातांवर बसतात, घोट्याची नस हललेली दिसते, तुझ्या पीसला तेच पाहिजे. शाळेच्या हॉलमध्ये कर, ज्या वस्तीत टँकर येतो तिथे तर करच, आणि त्या बायका काय म्हणतात ते ऐक, त्या खोटं लगेच पकडतील.

फरशीची मात्र तडजोड नको. शहाबादीवर उड्या मारून माझ्या नडग्या कायमच्या गेल्यात, लाकडी फ्लोअर नसेल तर त्या दिवशी उड्या काढून टाक, पीस बदल पण मुलींचे पाय वाचव. लाइट कमी असले तर समोरचे बंद करून विंगेतून बाजूने दे, समोरच्या प्रकाशात शरीर चपटं दिसतं, बाजूने आला की खांदा, बरगड्या, पोटरी सगळं उठून येतं. आणि मुलींना तालमीचेही पैसे दे, थोडे का होईना, नुसता वडापाव आणि चहा नको. घरच्यांना सांगायला त्यांच्याकडे काहीतरी पाहिजे ना.

हो, आणि प्रत्येक प्रयोगाचा एक व्हिडिओ असा काढ की कॅमेरा हलणार नाही आणि पाचही जणी पूर्ण दिसतील. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलीये, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात नोंदलेली असावी लागते. नुसती डोक्यात असली तर आपलं म्हणून दाखवायला काही राहत नाही.

रविवारी सकाळी मी तालमीला येतेय. व्हिडिओत हंडे रिकामे आहेत ते कळतं गं, उचलताना खांदा खोटं बोलतो. या वेळी भरून ठेव, गळ्यापर्यंत, आणि खाली पुसायला दोन जुन्या चादरी आण.

तुझी,
ताई