पुलावरचे एक्स्पान्शन जॉईंट दोन-तीन वर्षांतच का उखडतात? टिकाऊ जॉईंटचं डिझाइन कसं करावं?

डिझाइनचं विचारताय, पण मी पाहिलेले बहुतेक जॉईंट डिझाइनपायी गेलेच नाहीत. पूल उन्हानं फुगतो, थंडीत आखडतो; त्यासाठी दोन गाळ्यांमध्ये (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग) ठेवलेल्या फटीवर हा जॉईंट बसतो. हिशेब करा. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे 0.012 मिमी वाढतं. गाळा 30 मीटरचा आणि तापमानातला फरक 40 अंश धरला तरी 14-15 मिमी. काँक्रीट वाळताना आणि भाराखाली हळूहळू आखडतं, ते श्रिंकेज-क्रीप वेगळं. साधा स्ट्रिप सील (दोन पोलादी कडांमध्ये बसवलेली रबराची पट्टी) 80 मिमीपर्यंत हालचाल घेतो. मग रबर फाटेल कशानं?

जातं ते बाजूचं काँक्रीट. यवतमाळ जिल्ह्यात एका नाल्यावरच्या पुलावर अर्धा रस्ता बंद ठेवून आम्ही जॉईंट बदलत होतो. कापसाचा हंगाम, जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. काँक्रीट ओतून रात्र उलटली नाही तोच ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "वरून कडक झालं न साहेब, सोडा गाड्या. लोकं बोंबलून राह्यले." मी ओली पोती हलवू दिली नाहीत. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या ताकदीचा, रिझल्ट येईपर्यंत वाहतूक सोडू नये, असं लेखी दिलं. वरून फोन आला आणि बॅरिकेड निघाले. पावसाळ्याआधीच कडेचे तुकडे सुटले, एज बीम (जॉईंटची पोलादी कड) मोकळा झाला, ट्रॅक्टर गेला की धाडकन आवाज. अहवालात कारण लिहिलं : निकृष्ट रबर. रबर शाबूत होतं! जॉईंट धरून ठेवणारे अँकर ज्या काँक्रीटमध्ये बसलेत तेच कच्चं असेल, तर कुठल्याही कंपनीचा जॉईंट टिकणार नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

नवीन जॉईंट बसवताना डांबर आधी त्या जागेवरून सलग टाका, मग कापून जॉईंट बसवा. पातळी आपोआप जुळते, चाकाचा दणका बसत नाही. गॅप त्या दिवशीच्या स्लॅबच्या तापमानाला लावा. मे महिन्यात दुपारी स्लॅब पुरता फुगलेला असतो, तेव्हा कारखान्यातून क्लॅम्प लावून आलेली गॅप तशीच ठेवणं चूक. आणि पुढे रस्त्यावर नवीन कारपेट (डांबराचा थर) टाकताना बसलेल्या जॉईंटवरून डांबर ओढणाऱ्याचं बिल अडवा. शेतातली काळी माती सीलमध्ये भरते, ती उन्हाळ्यात काढलीच पाहिजे, नाहीतर सील फाटून पाणी थेट बेअरिंगवर (गाळा ज्यावर टेकतो त्या आधारांवर) उतरतं.

खरं तर जॉईंट जितके कमी तितकं बरं. छोट्या गाळ्यांवर डेक स्लॅब (रस्त्याखालचा वरचा स्लॅब) मध्ये जॉईंट न ठेवता सलग करा.

हे सगळं साध्या, सरळ काँक्रीटच्या पुलाचं. तिरपा पूल असेल तर आडवी हालचालही तपासावी लागते, आणि हालचाल 80 मिमीच्या वर असेल तर सहसा मॉड्युलर (एकापेक्षा जास्त सीलांचा) जॉईंट लागतो.