टेक्सासमध्ये समुपदेशक व्हायचे तर

प्रश्न : पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. केले. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्टिनला आले असून सध्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगचे मास्टर्स करायचा विचार आहे. पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल का? ‘तास भरायचे’ म्हणजे काय? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : बहुतेक हो. अडीच-तीन वर्षे धरून चाला. तुमची एम. ए. प्रवेशाला आणि संशोधनपद्धतीच्या पेपराला नक्की उपयोगी पडेल. पण परवाना मिळतो तो समुपदेशनाच्या पदवीवर आणि देखरेखीखाली केलेल्या कामावर, आणि आपल्याकडच्या एम. ए.त दुसरी गोष्ट सहसा पुरेशी नसते.

अभ्यासक्रम निवडताना समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या ‘केक्रेप’ या अमेरिकी संस्थेची मान्यता आधी पाहा. ती अख्ख्या विद्यापीठाला नसते, एकेका शाखेला असते. स्कूल काउन्सेलिंगला ती आहे म्हणून क्लिनिकलला असेलच असे समजू नका. मान्यताप्राप्त क्लिनिकल अभ्यासक्रम किमान ६० सेमिस्टर क्रेडिटचा असतो.

आता तास. प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचे पहिले प्रत्यक्ष काम, किमान १०० तासांचे, त्यातले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. नंतर इंटर्नशिप ६०० तासांची, त्यातले २४० प्रत्यक्ष. पंधरा आठवड्यांच्या दोन सत्रांत ती बसवली तर आठवड्याला २० तास, त्यांपैकी ८ क्लायंटसमोर. घोटाळा होतो तो या ८ मध्येच. मंगळवारी चार जणांना वेळ दिली आणि दोघे आलेच नाहीत, तर त्या दिवशी प्रत्यक्ष कामाचे दोनच तास भरले. वाट पाहणे, नोंदी लिहिणे, फोन करणे हे सगळे एकूण तासांत धरतात, प्रत्यक्ष तासांत नाही. म्हणून आठवड्याला दहा-अकरा भेटी ठरवा आणि एखादा गट चालवायला मागा. गटातला एखादा गैरहजर राहिला तरी तुमचा तास बुडत नाही. शिवाय शिक्षण संपेपर्यंत गट चालवण्याचा अनुभव घ्यावाच लागतो.

इंटर्नशिपची जागा पक्की करण्यापूर्वी तिथे दोन गोष्टी विचारा. सुपरव्हायझरकडे परवाना आणि पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव आहे का? आणि क्लायंटच्या लेखी संमतीने सत्र रेकॉर्ड करू देतात का? रेकॉर्डिंगही नाही आणि कोणी प्रत्यक्ष बसून पाहणारही नाही, तर तुमचे काम तपासायचे कसे? अशी जागा विद्यापीठ नाकारते. तासांच्या तक्त्यावर दर आठवड्याला सही घ्या. सुपरव्हायझर नोकरी सोडून गेला की मागच्या तीन महिन्यांच्या सह्या गोळा करणे फार जड जाते.

पदवीनंतर टेक्सासमध्ये एनसीई किंवा एनसीएमएचसीई यांपैकी एक राष्ट्रीय समुपदेशक परीक्षा आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा देऊन ‘असोसिएट’ परवाना घ्यायचा. मग पूर्ण परवान्यासाठी कमीत कमी १८ महिन्यांत देखरेखीखाली ३००० तास, त्यातले १५०० प्रत्यक्ष. राज्य बदलले की नियमही बदलतात.

तुमच्या बाबतीत खरी अडचण व्हिसाची आहे. एच-४ वर शिकता येते, नोकरी करता येत नाही. इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असताना काम करण्याची परवानगी) लागली तर ती फक्त एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्यांना मिळते. पण एफ-१ घेतला तरी पदवीनंतर ओपीटी, म्हणजे कामाची तात्पुरती परवानगी, १२ महिन्यांचीच, कारण या शाखेला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी) मुदतवाढ नाही. बारा महिन्यांत अठरा महिन्यांचे काम बसत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर एच-४ वर काम करण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. हे गणित सुटल्याशिवाय फी भरू नका. प्रवेशाआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा की बिनपगारी इंटर्नशिपलाही परवानगी लागेल का.

प्रश्न : ही पदवी घेऊन भारतात परतलो तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येईल का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ही पदवी समुपदेशकाची आहे. शाळा, रुग्णालये, कंपन्या, स्वयंसेवी संस्था यांत समुपदेशक म्हणून काम मिळू शकते. पाटीवर आणि लेटरहेडवर मात्र ‘समुपदेशक’ असेच लिहा.