ग्लाइड बॉम्बची तुलना पल्ल्यावर करू नये

आपण अमेरिकेचा जीबीयू-३९, इस्रायलचा स्पाइस, रशियाचा यूएमपीके आणि भारताचा ‘सॉ’ (विमानतळ निकामी करणारे स्मार्ट अँटी-एअरफील्ड वेपन) हे चार ग्लाइड बॉम्ब, म्हणजे पंखांवर तरंगत लक्ष्याकडे जाणारे बॉम्ब, एका तक्त्यात पल्ल्याच्या क्रमाने मांडून त्यांत सरस कोणता, असे विचारले आहे. माझ्या मते तक्त्यातला पल्ल्याचा रकानाच फसवा आहे. या बॉम्बना इंजिन नसते. विमानाने दिलेली उंची आणि वेग हीच त्यांची शिदोरी. एक किलोमीटर खाली येताना बॉम्ब आठ किलोमीटर पुढे सरकतो असे धरले, तर १२ किलोमीटर उंचीवरून तो शंभरीच्या जवळ पोहोचेल. तोच शत्रूचे रडार चुकवत ३ किलोमीटरवरून सोडला, तर पंचविशीही गाठणार नाही. जाहिरातीत अर्थातच पहिला आकडा छापतात. (फ्रान्सचा हॅमर या पंगतीत धरू नये, त्याला रॉकेट मोटर असते.)

खरा फरक उपग्रहाचा संकेत तुटल्यावर कळतो. जीबीयू-३९ सुमारे १३० किलोचा असून एका रॅकवर चार बसतात, ही त्याची मोठी सोय. परंतु त्याची भिस्त जीपीएसवर आहे, आणि जॅमिंग झाले, म्हणजे शत्रूने तो संकेत दाबून टाकला, की उरलेल्या जडत्वीय यंत्रणेतली (बॉम्बची स्वतःची हालचाल मोजून जागा ठरवणाऱ्या यंत्रणेतली) चूक क्षणाक्षणाला साचत जाते. स्पाइसमध्ये लक्ष्याच्या परिसराचे चित्र उड्डाणापूर्वीच भरलेले असते आणि शेवटच्या टप्प्यात नाकातला कॅमेरा समोरचे दृश्य त्या चित्राशी ताडून पाहतो, त्यामुळे जॅमिंगने तो सहसा भरकटत नाही. २०१९ मध्ये बालाकोटसाठी आपल्या मिराज विमानांनी स्पाइस-२००० नेला होता. मात्र दाट ढगांत कॅमेऱ्याचा उपयोग नाही, आणि चांगले चित्र आधी हाती लागावे लागते, जे वैमानिकाच्या हातात नसते.

रशियाने २०२३ पासून युक्रेनमध्ये अगदी उलट वाट धरली: सोव्हिएत घडणीच्या साध्या फॅब बॉम्बना घडीचे पंख आणि उपग्रह-मार्गदर्शनाचा स्वस्त संच जोडला, तोच यूएमपीके. नेम तितका पक्का नाही, पण १५०० किलोचा बॉम्ब थोडा बाजूला पडला तरी इमारत उभी राहत नाही.

‘सॉ’ १२५ किलो गटातला, मुख्यतः धावपट्ट्या आणि बंकरांसाठी. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जैसलमेरजवळच्या चांदण रेंजवर त्याच्या दोन चाचण्या झाल्या, एक उपग्रह-मार्गदर्शनाची आणि दुसरी इलेक्ट्रो-ऑप्टिकल सीकरची, म्हणजे कॅमेऱ्याने लक्ष्य शोधणाऱ्या नाकाची. पहिला प्रकार जीबीयू-३९ च्या शेजारी शोभतो, दुसरा स्पाइसच्या. तेव्हा तक्त्यात त्याला एकच ओळ न देता दोन द्याव्यात.