उपास राहू दे, आधी पैसे परत कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून जीव हळहळला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मित्राचे पैसे घेतलेस, आळ दुसऱ्यावर गेला तेव्हा गप्प बसलास, आणि आता दर शुक्रवारी उपास करतोस, प्रभुभोजनापासून (मंडळीतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर राहतोस, आवडीची एकेक गोष्ट सोडतोस. "अजून किती केलं म्हणजे फिटेल?" असं विचारतोस. तुझ्याच्याने ते फिटणार नाही. ज्याच्याने फिटायचं होतं त्या ख्रिस्ताने ते वधस्तंभावर फेडलं आहे, एकदाच.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा चौथा अध्याय सावकाश वाच. सामान्य माणसाच्या हातून पाप घडलं तर त्याने निर्दोष बकरी आणायची, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि स्वतः तिचा वध करायचा. मग याजक, म्हणजे पुरोहित, बोटाने रक्त वेदीच्या शिंगांना लावी, उरलेलं पायथ्याशी ओती, चरबीचा होम करी. पुढच्याच अध्यायात आहे, ज्याची ऐपत नसे त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणायची. तेवढंही जमत नसेल तर एफा नावाच्या मापाचा दहावा भाग सपीठ, त्यावर तेल नाही की धूप नाही. वाट कोणालाच बंद नव्हती, पण ती संपतही नव्हती. निवासमंडपातलं, म्हणजे इस्राएलांच्या तंबूतल्या उपासनास्थानातलं, सामान बघ: होमवेदी, गंगाळ, समर्पित भाकरींचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कराराचा कोश. याजकाला टेकायला जागा कुठेच नाही. (दयासन हे कोशाचं झाकण, ते त्याच्यासाठी नव्हे.) नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय हेच पकडतो: याजक रोज उभा राहून तीच तीच अर्पणं करतो, ख्रिस्ताने एकच अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. काम उरलेलं असतं तर तो बसला नसता.

एकदाच, बाळा. तुझा शुक्रवार त्यात कणभरही भर घालत नाही. प्रार्थनेला वेळ मिळावा म्हणून उपास करत असशील तर खुशाल कर. किंमत म्हणून करत असशील तर आजच थांबव, कारण मग तू वधस्तंभ अपुरा ठरवतो आहेस. मी हे फार कडक बोलतो असं लोक म्हणतात. म्हणोत. स्वतःला शिक्षा देत बसलेल्या माणसाला गोंजारत राहणं मला दया वाटत नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं बघ: त्याने पाप कबूल केलं, त्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी परत टाकली, आणि तरीही निकाल स्वतःच देऊन स्वतःचा जीव घेतला. तुझ्या मनात रात्री असले काळे विचार येत असतील तर पुढचं वाचू नकोस, आधी घरातल्या कोणाला तरी उठवून सांग. येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं होतं. त्याच्याकडून प्रभूने काहीही भरून घेतलं नाही. तीनदा प्रेमाबद्दल विचारलं आणि मेंढरं सांभाळायला दिली.

आता दुसरी बाजू, जी तू उपासामागे दडवली आहेस. लेवीयच्या सहाव्या अध्यायात फसवणुकीचा नियम आहे: घेतलेलं पूर्ण परत, वर पंचमांश, आणि तेही मालकाच्या हाती. म्हणजे पाच हिस्से घेतले असतील तर सहा द्यायचे. दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर. मालक हयात नसेल तर जवळच्या नातलगाला द्यायचं, असं गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. पण क्रम लक्षात घे, येशू त्याच्या घरी आधी आला, पैशांची गोष्ट मग निघाली. ती क्षमेची किंमत नव्हती.

मित्राकडे जा. "मी तुझे पैसे घेतले," एवढंच म्हण. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" असलं वाक्य उच्चारू नकोस. त्यात तुझी चोरी गायब होते आणि त्याचं वाईट वाटणंच तेवढं उरतं. कारणं सांगू नकोस. तू अडचणीत होतास हे खरं असेल, पण त्या दिवशी ते त्याच्यासमोर मांडलंस की त्यालाच तुझं सांत्वन करावं लागेल. क्षमा माग, पण उत्तरासाठी अडून बसू नकोस. त्याने क्षमा केली तरी पुन्हा पैशाचा विश्वास टाकलाच पाहिजे असं नाही. त्याला वेळ लागेल आणि तो त्याचा हक्क आहे.

ज्याच्यावर आळ आला त्याच्याबाबतीत तुझं काम अवघड आहे. त्याला एकट्याला गाठून हळूच सांगितलंस तर त्याचं नाव तसंच डागाळलेलं राहील. ज्या लोकांसमोर संशय घेतला गेला त्याच लोकांसमोर खरं सांग, आणि तो तिथे हजर असेल असं बघ.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव आणि आधी भावाशी समेट करायला जा. तेव्हा या आठवड्यातच जा. मित्राने दार लावून घेतलं तर पैसे आणि चार ओळींची कबुली विश्वासू माणसाच्या हाती पोहोचव, आणि रविवारी प्रभुभोजनाला ये; त्याच्या होकाराची वाट बघत बाहेर थांबू नकोस. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर आहे तेवढी घेऊन जा, उरलेल्याच्या तारखा कागदावर लिहून त्याला दे, आणि पंचमांश शेवटच्या हप्त्यात विसरू नकोस.