“आई, हात माझा राहिलाच नाही”

ताई,
आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. अमेरिकन फुटबॉल खेळतो, क्वार्टरबॅक आहे, म्हणजे बॉल फेकून पास देणारा. दोन वर्षं शाळेच्या ज्युनिअर टीमचा मुख्य क्वार्टरबॅक तोच होता, यंदा मोठ्या टीममध्ये गेला. एप्रिलमध्ये आम्ही खासगी कोच लावला. ते म्हणाले, याचा हात फार खालून आणि फार लांबून फिरतो, बदलायला हवा. तेव्हापासून सगळं बिनसलंय. बॉल डगमगत जातो, मोकळ्या उभ्या असलेल्या मुलाच्या पायाशी पडतो. सीझनच्या दुसऱ्या मॅचमध्ये तीन इंटरसेप्शन झाली, म्हणजे त्याचे पास समोरच्या टीमने झेलले, आणि शाळेच्या कोचनी त्याला बसवलं. आमचे हे आयटीत आहेत. ते त्याचा प्रत्येक थ्रो फोनवर काढतात आणि जेवताना टीव्हीवर स्लो मोशनमध्ये लावून चुका दाखवतात. मुलगा ताट घेऊन खोलीत जातो. परवा म्हणाला, “आई, हात माझा राहिलाच नाही.” पुण्याहून सासूबाई सांगतात, खेळ सोडव, अभ्यासाला लाव. खर्चही थोडा नाही, वर्षात दोनदा बूटच बदलले. मला या खेळातलं फारसं कळत नाही. सोडायला सांगू की दुसरा कोच शोधू? आणि तो म्हणतो, तू मॅचला येऊ नकोस. जाऊ की नको?
– एक आई, टेक्सास

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही खर्चाच्या हिशोबात लिहून गेलात. वर्षात दोनदा बूट बदलले, म्हणजे पोरगा झपाट्याने वाढतोय. पायांबरोबर हातही लांब झाले असणार. दोन वर्षं जो हात तो फेकायला वापरत होता, तो आज मापानेही तोच राहिलेला नाही. वाढीच्या या काळात चांगली चपळ मुलंसुद्धा काही महिने धडपडतात आणि मग पुन्हा जुळून येतं. नेमक्या याच काळात त्याची फेक बदलायला घेतली गेली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण दोन गोष्टी एकदम आल्या.

म्हणून सगळ्यात आधी दुखण्याचं बघा. या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांची वाढ चालू असते आणि सतत फेकण्याचा ताण नेमका तिथेच येतो. “दुखतं का?” असं विचारलंत तर तो नाहीच म्हणेल. ज्याला आधीच बसवलंय तो मुलगा दुखणं कबूल करून आणखी मागे कशाला जाईल? त्यापेक्षा विचारा, “सकाळी टी-शर्ट घालताना हात वर जातो ना नीट?” शाळेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतील तर त्यांना दाखवा, शंका वाटली तर खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. दुखत असेल, तर पुढचं सगळं थांबवून आधी विश्रांती.

आता त्याचं ते वाक्य. मी ते शब्दशः खरं धरते.

हातात बॉल आल्यापासून तो सोडेपर्यंत क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात मागे पावलं टाकायची, समोरचे बचावपटू कुठे सरकताहेत ते बघायचं, कोणता रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा होतोय ते हेरायचं आणि शंभर किलोची पोरं अंगावर धावून येत असताना चारशे ग्रॅमचा तो लांबुडका बॉल पंचवीस-तीस यार्डांवर पोचवायचा. आणि ती फेक नुसत्या हाताची नसते. मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा पाय निशाण्याच्या दिशेने पडतो, कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. बॉलवरून सगळ्यात शेवटी तर्जनी सुटते. या क्रमाने जोर चढत आला की बॉल स्वतःभोवती गरगरत सरळ जातो, त्याला स्पायरल म्हणतात. कंबरेच्या आधी खांदा उघडला, तर तोच बॉल हवेत डगमगतो. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. “कोपर वर आहे ना?” एवढा प्रश्न मनात यायलासुद्धा त्यात जागा नाही. तुमच्या मुलाच्या डोक्यात तर तीन माणसं एकाच वेळी बोलताहेत: खासगी कोच, शाळेचे कोच आणि बाबा.

माझा धाकटा ओहायोत शाळेकडून बेसबॉल खेळायचा, पिचर (बॉल टाकणारा) होता. पंधराव्या वर्षी असाच अडकला. पहिल्या बेसकडे टाकायचा साधा थ्रो त्याच्या हातून सुटेना. बॉल बोटांना चिकटल्यासारखा व्हायचा, मग एकदम कुठेतरी भिरकावला जायचा. मी स्टँडमधून ओरडायचे, “अरे, रिलॅक्स!” माझा आवाज आला की त्याचे खांदे कानांपर्यंत चढायचे. मला ते दिसत होतं आणि तरी मी ओरडत होते, याचं मला अजून वाईट वाटतं. जुलैत आम्ही लेक एरीला गेलो. तो काठावरचे चपटे खडे वेचून पाण्यावर टप्पे घेत जातील असे फेकत होता. पाच टप्पे, सात टप्पे. हात सैल, मनगट मोकळं. पाण्यात एक जुना लाकडी खांब उभा होता. “त्याला मारून दाखवतो,” म्हणाला आणि तिसऱ्या खड्याला मारला. मी चपला हातात धरून तिथेच उभी राहिले. हात शाबूत होता. इतके महिने आम्ही सगळे मिळून त्याला त्या हाताकडे बघायला लावत होतो. (तो पुढे पिचर राहिला नाही, हे तुम्हाला खरं सांगते. आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, खेळला आणि शाळा संपेपर्यंत मजेत खेळला.)

यावर अभ्यासही झालेला आहे. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये एक प्रयोग मांडला होता. स्कीइंगसारख्या सरकत्या यंत्रावर तोल साधायला शिकवताना काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. अंतर पाहिलं तर दोन्हींत काही इंचांचाच फरक. त्यानंतर कितीतरी खेळांमध्ये असंच दिसून आलं. म्हणून “कोपर वर घे” याऐवजी “समोरच्याच्या जर्सीवरच्या आकड्यातून बॉल आरपार जाऊ दे” असं सांगितलं, की कोपर बऱ्याचदा आपोआप वर येतं.

तर दुसरा कोच? नको. चौथा आवाज अजिबात नको. खासगी कोच चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. लांब फिरणाऱ्या हाताला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बचावपटूला बॉल कुठे जाणार ते कळतं, हे खरंच आहे. पण केव्हा बदलायचं, यालाही महत्त्व आहे. टिम टीबोचं उदाहरण अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात २००७ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेला हा क्वार्टरबॅक. २०१०मध्ये व्यावसायिक लीगमध्ये जायच्या आधी त्याची लांब फेक घाईघाईने आखूड करायला घेतली. सरावात जमायची, पण मॅचमध्ये अंगावर माणसं आली की हात जुन्या वाटेने जायचा. उलट त्याच लीगमधल्या बफेलोच्या टीमचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन बघा. २०१८मध्ये, पहिल्या वर्षी, त्याचे शंभरातले जेमतेम ५३ पास पोचत होते. दर वर्षी सीझन संपल्यावर, सामन्यांचा ताण नसताना, त्याने पायांपासून फेक बांधत आणली. २०२०मध्ये तो आकडा ६९वर गेला आणि २०२४च्या सीझनचा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शाळा संपवताना या मुलाला एकाही मोठ्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती.

आणि त्याच लीगमधला क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स! त्याची फेक बघून कुठलाही कोच कपाळावर हात मारेल. खांद्याजवळून बॉल ढकलल्यासारखी ती दिसते. तरी २००६ ते २०२० असे सलग २४० सामने तो पहिल्यापासून मैदानात होता. सगळ्यांच्या फेकी एका साच्यातल्या नसतात, आणि मला वाटतं तुमच्या मुलाला हे दाखवणारा व्हिडिओ त्याच्या चुकांच्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तेव्हा खासगी वर्ग सीझन संपेपर्यंत थांबवा. त्या कोचना नम्रपणे सांगा, जानेवारीत परत येतो. शाळेच्या कोचना मुलाने स्वतः भेटून एकच प्रश्न विचारावा: “आत्ता मी फक्त एका गोष्टीवर काम करायचं तर कशावर?” ते बहुतेक पायांबद्दल काहीतरी सांगतील. तेवढंच धरायचं.

इंटरनेटवर शोधलंत तर “यिप्स” (सवयीची फेक अचानक न जमणं) हा शब्द भेटेल आणि त्याच्यासोबत स्टीव्ह ब्लासची गोष्ट. बेसबॉलच्या १९७१च्या वर्ल्ड सिरीजचा हिरो, १९७२मध्ये १९ सामने जिंकलेला पिचर, आणि १९७३मध्ये त्याला बॉल जागेवर टाकता येईना, तो कायमचाच. ती गोष्ट वाचून झोप उडवून घेऊ नका आणि तो शब्द मुलासमोर काढू नका. ब्लासचं का बिघडलं ते कुणालाच उमगलं नाही. तुमच्याकडे कारणं समोर दिसताहेत.

त्यातलं एक कारण जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. ताई, तो टीव्ही आज रात्रीपासून बंद. तुमच्या यजमानांवर मी रागावलेली नाही, हा परिच्छेद त्यांनाच वाचायला द्या. प्रोग्राममध्ये चूक सापडली की ती ओळ शोधायची, सगळ्यांना दाखवायची आणि दुरुस्त करायची, हे त्यांचं रोजचं काम. मुलावर जीव आहे म्हणूनच ते तासन्‌तास फोन धरून उभे राहतात. पण मुलगा रोज जेवताना स्वतःला हरताना बघतोय, तेही चौपट हळू वेगाने. त्यांना दुसरं काम द्या. बॅकयार्डमध्ये आठ-दहा यार्डांवर त्यांनी उभं राहायचं, छातीसमोर हात धरायचे आणि बॉल झेलायचा. वीस थ्रो. बोलायचं नाही, “छान”सुद्धा नाही. चांगले जात असतानाच थांबायचं आणि दोघांनी आत यायचं. आठवड्याने दोन पावलं मागे. “तू करू शकतोस” या वाक्यावर मुलाचा विश्वास राहिलेला नाही, आणि तो का राहावा? बाबांच्या पंजात थाडकन बसलेले वीस बॉल मात्र त्याला नाकारता येणार नाहीत.

सोडायला सांगायचं का? आत्ता नाही. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण सगळ्यात वाईट आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडलेला खेळ मुलाच्या मनात फार वर्षं सलत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नियमित सामने संपतील. मग दोन-तीन आठवडे घरात बॉलचा विषयच नको. डिसेंबरमध्ये त्याला विचारा आणि तो जे म्हणेल ते मान्य करा, सोडतो म्हणाला तरी. क्वार्टरबॅक व्हायचं नाही पण रिसीव्हर व्हायचंय म्हणाला तरी. तोवर बाकावरच्या क्वार्टरबॅकलाही काम असतंच: प्रत्येक प्ले (ठरलेली चाल) पाठ हवा, समोरचे काय करताहेत ते वाचायला हवं. ते शिकायला या जागेइतकी चांगली जागा नाही.

टीव्ही बंद झाल्यावर तो टेबलावर जेवायला येतो का, ते बघा. दोन आठवड्यांनीही दार बंदच राहिलं, झोप किंवा भूक उडाली, तर शाळेच्या काउन्सेलरशी आणि त्याच्या डॉक्टरांशी बोला. तिथे संकोच करू नका.

आणि मॅच. “येऊ नकोस” म्हणतो त्याचा अर्थ बहुतेक “मला बाकावर बसलेला बघू नकोस” असा असतो. त्याला सांगा, “मी येणार आहे, तू खेळलास तरी आणि नाही खेळलास तरी. कुठे बसू, ते तू सांग.” तो एखादा लांबचा कोपरा सांगेल, तिथेच बसा. मॅच झाल्यावर गाडीत खेळाचा विषय त्याने काढला तरच, नाहीतर घरी काय गरम करायचं तेवढंच बोला. या शुक्रवारी जा. यजमानांनाही घेऊन जा, आणि त्यांचा फोन तुमच्या पर्समध्ये ठेवा.