आयोवात शेतावर पहिलं वर्ष? एवढं सांभाळा

अभिनंदन! मुलाबाळांसकट शेतावर राहायला जाताय, तर पहिल्या वर्षी भाजीचे चार वाफे आणि पाच-सहा कोंबड्या पुरेत. गायींचं पुढच्या वर्षी बघा.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते वसंतात. एप्रिलमध्ये दोन दिवस ऊन पडलं की ओल्या रानात ट्रॅक्टर घालतात. जमीन दबते आणि मुळं खोल जातच नाहीत. मूठभर मातीचा गोळा करा, अंगठ्याने दाबा. भुसभुशीत फुटला तर वाफसा आला; नुसता चेपला तर थांबा. मका पेरायचा तो चार इंच खोलीवर मातीचं तापमान ५० अंश फॅरेनहाइट झाल्यावरच. टोमॅटो-मिरचीची रोपं मेच्या मध्यानंतर लावा, आधी लावली तर कडक दंवात करपतात.

उन्हाळ्यात चारा नीट वाळल्याशिवाय गठ्ठे बांधू नका. ओलावा २० टक्क्यांवर असला तर गठ्ठा आतून तापतो आणि कोठार पेटू शकतं.

सुगीत एक नियम कडक पाळा: मुलं धान्याच्या कोठीत जाणार नाहीत. खालून मका काढणं चालू असेल तर मोठा माणूसही काही सेकंदांत रुततो.

हिवाळ्यासाठी:
- खुराडं हवाबंद करू नका, वर झरोका हवाच. दमट हवेत तुरे हिमदंशाने काळे पडतात.
- पाण्याच्या भांड्याखाली विजेची तापती बैठक ठेवा.
- अंडी कमी झाली तर घाबरू नका; दिवस लहान झाल्यावर तसं होतंच.