वाचकांचे प्रश्न : बालपणीची विज्ञान कादंबरी पडद्यावर आणताना

प्रश्न : स. न. वि. वि. शाळेच्या ग्रंथालयातून पुन्हा पुन्हा आणून वाचलेल्या एका मराठी विज्ञान कादंबरीवर सर्व कुटुंबाला एकत्र पाहता येईल असा चित्रपट करावा, असे आम्हा काही मित्रांच्या मनात आहे. कथा १९६२ सालातील आहे. सुट्टीत मामाकडे, डोंगरावरच्या वेधशाळेत राहायला गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला मंगळावरून येणारे संदेश ऐकू येतात आणि ती त्यांना उत्तरे पाठवते. लेखक हयात नाहीत; त्यांच्या कन्येने तोंडी संमती दिली आहे. मंगळ ओसाड असल्याचे आजच्या मुलांना ठाऊक असल्याने कथा आजच्या काळात आणावी आणि नायिका महाविद्यालयीन वयाची करावी, असा आमच्यातील काहींचा आग्रह आहे. आपले मत कळवावे. आमचे भांडवल बेताचे आहे.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कथा १९६२ मध्येच राहू द्यावी. मंगळावरील गडद पट्टे ऋतूंनुसार बदलतात ते तेथील वनस्पतींमुळे असावेत, असे त्या काळी काही जाणते खगोलशास्त्रज्ञही मानत असत. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठवलेल्या मोजक्या कृष्णधवल छायाचित्रांत विवरांनी भरलेली उजाड भूमी दिसली, तेव्हा तो समज मागे पडला. म्हणजे तुमची नायिका भाबडी ठरत नाही. ती तिच्या काळाच्या विज्ञानाला धरूनच विचार करते. प्रेक्षागृहातील मुलाला तिच्यापेक्षा अधिक ठाऊक असणे ही तर पटकथाकाराला आयती मिळालेली सोय आहे, कारण ‘तिथे कोणी नाही, तर मग हे संदेश पाठवतो कोण?’ हा प्रश्न त्याला पहिल्याच प्रसंगापासून छळू लागेल. हीच मुलगी आज मोबाइल घेऊन बसली, तर पाच मिनिटांत शोध घेईल आणि कथा तिथेच संपेल.

मोबाइलने दुसरे नुकसान होईल ते वाट पाहण्याचे. मंगळ पृथ्वीपासून कधी सुमारे साडेपाच कोटी, तर कधी चाळीस कोटी किलोमीटर दूर असतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने निघालेला रेडिओ संदेश तिथे पोहोचायला त्यामुळे तीनपासून बावीस मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. पडद्यावर मात्र दोन ग्रहांवरचे लोक शेजाऱ्यांसारखे गप्पा मारताना दाखवण्याची खोड जुनी आहे. तुम्ही ती टाळावी. मुलीने प्रश्न पाठवला आहे, घड्याळ पुढे सरकत आहे, मामा विश्वास नसल्याचे दाखवत उगाच चहा टाकतो आणि आजी वाती वळत बसली आहे. या प्रसंगाला विशेष दृश्यांचा एक रुपयाही लागत नाही आणि घरातल्या तिन्ही पिढ्या त्यात आपोआप सामील होतात. कौटुंबिक चित्रपट म्हणजे प्रत्येक वयासाठी एकेक विनोद पेरलेला चित्रपट, हा समज मला मुळीच मान्य नाही.

नायिकेचे वय वाढवू नये. ‘फास्टर फेणे’वरील २०१७ च्या चित्रपटात नायक वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा केला होता आणि तिथे रहस्यच त्या परीक्षेभोवती गुंफलेले असल्याने ते चालून गेले. तुमच्या कथेत मोठी माणसे मुलीचे ऐकत नाहीत ते ती लहान आहे म्हणून. वय वाढवले की हा सगळा ताण नाहीसा होतो. कापायचीच असतील तर मामाची व्याख्याने कापा. कादंबरीत ती पानेच्या पाने चालत असतील आणि लहानपणी तुम्हीही ती बहुधा ओलांडूनच पुढे गेला असाल.

आता कायद्याचे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो, तेव्हा तोंडी होकारावर एक पाऊलही टाकू नये. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तसेच करारात वेगळे नमूद नसेल, तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. चित्रपटाला वर्षभर सहज कमी पडते, म्हणून हे कलम करारात आवर्जून पाहावे. कन्येखेरीज अन्य वारस असतील, तर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. हक्क विकल्यानंतरही कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा विशेष हक्क लेखकाकडे आणि पश्चात त्याच्या प्रतिनिधींकडे राहतो. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्याचे महत्त्व अधोरेखित केले. त्यामुळे शेवट बदलणार असाल, तर पटकथेचा आराखडाच कराराला जोडावा.

भांडवलाची चिंता समजते, पण बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतः कॅमेरा घडवला त्या गावात ती फार करू नये. वेधशाळेच्या आणि यानाच्या प्रतिकृती बापट कॅम्पातील किंवा शाहूपुरीतील मूर्तिकारांकडून करून घ्याव्यात. संगणकावरील स्वस्त दृश्यांपेक्षा हाताने घडवलेली वस्तू १९६२ च्या वातावरणात अधिक शोभेल. मात्र गणपतीच्या हंगामात त्यांना मान वर करायलाही सवड नसते, तेव्हा काम दिवाळीनंतर द्यावे. मुलीच्या कल्पनेतील मंगळासाठी पन्हाळ्याजवळचे मसाई पठार पाहून यावे. तिथला जांभा पडद्यावर थोड्याशा रंगसंस्काराने परग्रहाचा वाटेल. परवानग्या आधी काढाव्यात आणि चित्रीकरण मे अखेरपर्यंत उरकावे, कारण पहिल्या दोन-चार पावसांतच ते पठार हिरवे होऊ लागते.